लग्न-मुंजींच्या डिस्क एमपी-४ मध्ये: काम कुठवर आलं

मंडळी, काम बरंच पुढे सरकलंय. घरच्या आणि नातेवाइकांकडच्या लग्न-मुंजींच्या सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून झाल्या, आता रूपांतर चालू आहे. चरे पडलेल्या डीव्हीडींसाठी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमला तोड नाही. जेवढं सरळ वाचता येतं ते आधी उचलायचं, मग अडलेल्या जागांकडे वळायचं, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवायची, अशी त्याची पद्धत. म्हणून एका ड्राइव्हने हात टेकले तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेलं तेवढंच वाचता येतं. मावशीच्या लग्नाची डीव्हीडी अशी दोन ड्राइव्हमध्ये मिळून पूर्ण निघाली.

व्हीसीडींचं (जुन्या व्हिडिओ सीडींचं) काम झटपट झालं. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं एमपेग-१ या जुन्या पद्धतीचं चित्रण, चित्राला सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट. 'शुभमंगल सावधान' झालं आणि अक्षता पडू लागल्या की चित्राचे चौकोन होतात. तो तपशील डिस्कवर मुळातच नाही, त्यामुळे पुन्हा एन्कोड करून (नव्या पद्धतीत बसवून) काहीच हाती लागत नाही. व्हीसीडीइमेजर या प्रोग्रॅमने फाइल काढली, एमकेव्हीटूलनिक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममधून चित्र-आवाज जसेच्या तसे, एमपी-४ ऐवजी एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत ठेवले. दर्जा तसूभरही घटत नाही.

खरा जीव डीव्हीडीत गुंतलाय. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीची ७२० बाय ५७६ ची चित्रं, सेकंदाला २५. पण कॅमेऱ्याने टिपलेले क्षण ५०. प्रत्येक चित्रात सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी दुसऱ्या. जुन्या टीव्हीवर हे कधी जाणवलं नाही. कॉम्प्युटरवर मात्र नवरीने हार घालायला हात उचलला की हिरव्या चुड्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात.

ते घालवायला बरेच जण डीइंटरलेस करून (गुंफलेल्या ओळी सोडवून) २५ चित्रंच ठेवतात. दाते जातात, पण त्याबरोबर निम्मी हालचालही जाते. माझं ठाम मत आहे की घरगुती चित्रीकरण ५० चित्रांतच बदलावं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधला बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेसचा फिल्टर काही न सांगताही ५० देतो. यॅडिफ या दुसऱ्या फिल्टरला मात्र तसं सांगावं लागतं, आणि हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'बॉब' निवडावं लागतं. चाचणीला मी अंतरपाट दूर होतो तोच तुकडा घेतला. २५ मध्ये अक्षता तुटक उड्या मारतात. ५० मध्ये एकेक दाणा मुंडावळ्यांवरून घरंगळताना दिसतो. हा फरक बघितल्यापासून मी मागे वळलेलो नाही.

त्याच तुकड्याने आणखी एक गोष्ट दाखवली. हॉलमधल्या मंद उजेडामुळे चित्रात बरीच खरखर होती, म्हणून ती पुसणारा डीनॉइज फिल्टर लावून पाहिला. भिंती स्वच्छ झाल्या, पण अक्षताही खरखर समजून पुसल्या गेल्या! फिल्टर हलका केला तरी थोड्या जातातच. तेव्हा डीनॉइज बंद, एक्स२६४ हा एन्कोडर 'स्लो' या संथ वेगावर, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८. फाइल मोठी होते, होऊ दे. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग वेगवान आहे खरं, पण तेवढ्याच आकारात एक्स२६४ चं चित्र मला जास्त भरीव वाटतं, आणि ७२० बाय ५७६ ला जुना लॅपटॉपही पुरतो.

चित्राच्या प्रमाणाची खूण मात्र नीट सांभाळा. ७२० बाय ५७६ हे ४:३ च्या पडद्यावर ७६८ बाय ५७६ एवढं पसरतं. खूण हरवली की सगळे चेहरे किंचित उभट दिसतात. टीव्हीसाठी आवाज एएसी या ध्वनी-पद्धतीत घेतो. मूळ इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) कधीच पुसत नाही, उद्या याहून सरस फिल्टर आला तर तिथूनच पुन्हा सुरुवात करता येईल.

आता पाळी काकांकडच्या मिनीडीव्ही टेपांची (कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेटची). तासाला साधारण १३ जीबी, म्हणून जागा मोकळी करून ठेवलीय, आणि जुन्या डेस्कटॉपला कॅमेरा जोडायचं फायरवायर कार्डही बसवलंय. या टेपांवरच्या डीव्ही चित्रणात प्रत्येक जोडीतल्या खालच्या ओळी आधी येतात. फाइलीवर तशी नोंद नसेल तर बीडब्ल्यूडीआयएफ वरच्या आधी धरून चालतो आणि हालचाल मागे-पुढे हिसके खाते. त्यामुळे पहिल्या टेपमधला वरातीचा तुकडा दोन्ही क्रमांनी काढून, शेजारी शेजारी लावून बघणार आहे.