टोपीचं छप्पर कुठे गेलं?

आमच्या दाराजवळच्या खुंटीला एक निळी टोपी असते. पुढे झाप, वर काहीच नाही. घरी येणारा हमखास विचारतो, "टोपीचं छप्पर कुठे गेलं? आणि अमेरिकेतून आणून आणलंत काय, तर हे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

१९९६ साली मी एमएस करायला गेन्सव्हिलला गेलो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच तेव्हा स्टीव्ह स्परिअर होता. (फुटबॉल त्यांचा, लांबुळका चेंडू बगलेत मारून पळायचा.) तो अशीच बिनछपराची टोपी घालायचा आणि डाव फसला की जमिनीवर आपटायचा. मला आधी आवडली ती ही आदळआपट. आपल्याकडे गुरुजी चिडले तर पोरांवर चिडतात, हा टोपीवर राग काढत होता. म्हणजे पोरांनाही ऐकून घ्यावं लागायचंच म्हणा.

पण त्याची खरी गोष्ट ३० वर्षं आधीची. १९६६ मध्ये तो याच संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू होता. ऑबर्नविरुद्ध २७-२७ अशी बरोबरी, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली. ४० यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून मारायचा होता. त्यासाठी संघात वेगळा किकर होता. स्परिअरनं त्याला थांबवलं, स्वतः किक मारली आणि सामना ३०-२७ असा जिंकला. त्या वर्षी कॉलेज खेळाडूंमधला सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, त्यालाच मिळाली.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र बहुतेक काळ बाकावर गेला. १९७६ साली टॅम्पा बेमध्ये क्वार्टरबॅकची जागा मिळाली, तर संघ १४ पैकी १४ सामने हरला. लोक म्हणतात, या बाकानं त्याला कोच केलं. मला नाही पटत. किकरला बाजूला करणारा पोरगा कोच झाल्यावरही प्रत्येक डाव स्वतःच सांगायचा.

हट्टीही होता, पण गरज पडली की वाकायचा. १९९६ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघानं आम्हाला २४-२१ हरवलं. आमचा क्वार्टरबॅक डॅनी वर्फल सारखा आपटला जात होता. महिन्याभरानं, २ जानेवारी १९९७ ला, न्यू ऑर्लिन्सला पुन्हा तोच संघ समोर. स्परिअरला शॉटगन नावाची मांडणी आवडायची नाही. त्या रात्री त्यानं तीच लावली: वर्फलला काही यार्ड मागे उभं केलं आणि चेंडू फेकायला दोन श्वास जास्त मिळवून दिले. ५२-२०! फ्लोरिडाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. आम्ही चौघं देशी टीव्हीसमोर खिचडीच्या ताटल्या घेऊन बसलो होतो. शेवटी खिचडी गार आणि घसे बसलेले. दुसऱ्या दिवशी टोपी घेतली.

पुढे वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाबरोबर दोन वर्षांत १२ विजय, २० पराभव. मग साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाबरोबर २०११ ते २०१३ सलग तीन मोसम, दरवेळी ११ विजय. २०१५ मध्ये मात्र दोन विजय, चार पराभव अशी अवस्था असताना मोसम अर्धवट टाकून बाहेर पडला. ते मला आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

टोपी मी आता घालत नाही. गच्चीवर पापड वाळत घालायला जाताना आई घालते. म्हणते, "अंबाड्याला बरी आहे."