धाव का निसटते?

कोल्हापुरात ऊस वाहणारी बैलगाडी आता रबरी टायरवर पळते, त्यामुळं लाकडी चाकाला धाव, म्हणजे घेरावरची लोखंडी पट्टी, चढवणारा लोहार क्वचितच दिसतो. पण १८४० नंतर मिसुरी नदीकडून ओरेगनला निघालेल्या अमेरिकन गाड्यांचं दुखणं त्यानं लगेच ओळखलं असतं. कोरड्या माळावर लाकूड आटायचं आणि धाव सैल व्हायची.

लाकडी चाक खिळ्यांच्या जोरावर टिकत नाही, आवळल्यामुळं टिकतं. मधल्या तुंब्यात आरे म्हणजे उभ्या काड्या, आऱ्यांवर पुठ्ठे म्हणजे घेराचे वाकडे लाकडी तुकडे. एका पुठ्ठ्यात दोन, म्हणजे ६ पुठ्ठ्यांना १२ आरे. ५४ इंची चाकाचा घेर सुमारे १७० इंच भरतो. धाव त्याहून अर्धा-पाऊण इंच आखूड ठेवायची. लालभडक तापली की ती इंचभर वाढते. मग सांडशीनं उचलून चाकावर टाकायची, घणानं बसवायची आणि लगेच सगळीकडून सारखं पाणी. पाण्याला उशीर झाला की पुठ्ठ्याचा कोळसा होतो, आणि जळालं तेवढी धाव बसतानाच ढिली.

बहुतेकांची चूक होते ती सांध्यात. धाव घालण्याआधीच पुठ्ठे एकमेकांना घट्ट भिडले असतील, तर धावेची सगळी ओढ त्यांच्यातच जिरते आणि आरे तुंब्यात खुळखुळत राहतात. म्हणून एका सांध्यात नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. उलट धाव फारच आखूड झाली तर आरे वाकतात.

त्या अमेरिकन गाड्यांचं चाक सपाट नसे, थोडं बशीसारखं खोलगट असे. बैल पावलागणिक गाडी डावी-उजवीकडं हेलकावतो, तो आडवा धक्का ही खोली पेलते. आसाची टोकं किंचित खाली वळवलेली, म्हणजे जमिनीकडचा आरा ओझ्याखाली उभा राहतो. पुढची चाकं लहान, वळताना साट्याखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, सरकावीत म्हणून. आपल्या दोनचाकी गाडीला ती कटकटच नाही.

धाव सैल झाली की ओरेगनला निघालेले लोक वाटेतल्या प्लॅट नदीत चाकं रात्रभर भिजवत, नाहीतर धाव आणि पुठ्ठ्यामध्ये लाकडी पाचरा ठोकत. दोन्ही तात्पुरतंच. भिजलेलं लाकूड फुगतं, पण धाव त्याला बाहेर जाऊ देत नाही, मग आतले तंतू चेंगरतात. वाळल्यावर चाक आधीपेक्षा जास्त सैल! पाचरांनी तर दाब ठिकठिकाणी पडतो. खरा उपाय एकच: धाव कापायची, फरकाएवढा तुकडा काढायचा, सांधायची आणि पुन्हा तापवून चढवायची.

हॉटेलासमोर शोभेला मांडलेल्या गाडीचंही हेच होतं, कारण ती बारा महिने उन्हात असते. धावेवर हातोडी मारून बघा. घट्ट असेल तर खणखणीत वाजते, सैल असेल तर बद्द. घट्ट आहे तोवरच पुठ्ठ्यांना कढत जवसाचं तेल पाजून घ्या, सांध्यांत आणि आऱ्यांच्या बुडाशी जरा जास्त.