शिकागोतला १ मे

१ मेला मी इथे कामावर असतो. ज्या शहरातील घटनांमुळे जगभर हा दिवस कामगारांचा झाला, त्या शिकागोतच त्या दिवशी सुट्टी नसते. इथला ‘लेबर डे’ सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो आणि तो बहुधा अंगणात शेगडी पेटवण्यात जातो.

यंदा जेवणाच्या सुट्टीत डेस्प्लेन्स स्ट्रीटवरील हेमार्केट स्मारकापाशी गेलो. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला. ४ मेच्या रात्री इथली सभा संपत आली असताना पोलिसांच्या दिशेने बॉम्ब फेकला गेला, आणि तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघे फासावर गेले. ज्या गाडीवरून भाषणे झाली तिचेच हे शिल्प असून चौथऱ्यावर देशोदेशीच्या संघटनांनी लावलेल्या पाट्या आहेत.

सप्टेंबरचा मान न्यूयॉर्कच्या ५ सप्टेंबर १८८२ च्या कामगार मिरवणुकीकडे जातो. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी या सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि आठवडा उलटायच्या आत पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतला संप मोडायला त्यांनीच शिकागोत लष्कर धाडले. हा योगायोग मला अजून पचलेला नाही.

लालबागला आमच्या शाळेत १ मे म्हणजे १९६० चा महाराष्ट्र दिन, एवढेच शिकवीत. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि १९८२ च्या संपात गेलेली नोकरी त्यांना परत मिळाली नाही, पण दर १ मेला ते मला हुतात्मा चौकात नेऊन मशाल धरलेल्या जोडीतला शेतकरी कोणता आणि कामगार कोणता, हे दाखवत. परतताना गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट ठरलेली असे: गिरण्यांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, म्हणजे १ मे १८९० ला पाळल्या गेलेल्या जगातल्या पहिल्या मे दिनानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी.

स्मारकापाशी उभे राहून बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

“आज खाडा केलास की काय?” त्यांनी आधी तेच विचारले.

नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग बघ रे, मुंबईची पाटी दिसते का.”

निम्म्या पाट्या वाचून होतात तोच जेवणाची सुट्टी संपली.