गडग्यावरची धमकी आणि एनसीचा कागद

गेल्या मे महिन्यात देवगडकडच्या आमच्या गावी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून भांडण झालं, बाजूच्यांनी दोन हात आत सरकवला होता आणि काका विचारायला गेले तर त्यांना ढकललं, कानफटात मारली, वर "परत हय दिसलस तर तंगडी मोडून हातात दितलंय". काकी तर रडायलाच लागली. सगळे म्हणाले जाऊदे, भावकी आहे, गणपतीत तोंडं बघायची आहेत. मला हे अजिबात पटलं नाही, सत्तर वर्षांच्या माणसावर हात टाकायचा आणि आपण गप्प?

पोलीस ठाण्यात गेलो तर एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तेव्हा नीट वाचून काढलं. 1 जुलै 2024 पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) जाऊन भारतीय न्याय संहिता आली, जुनं कलम 323 आता 115(2), साधी दुखापत, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अदखलपात्र असल्याने मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, पण ती ऑर्डर आपण स्वतः कोर्टात जाऊन मागू शकतो, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं! हाड मोडलं किंवा कोयता चालवला तर मात्र प्रकरण दखलपात्र, एफआयआर घ्यावीच लागते आणि तिची कॉपी फुकट मिळते.

आणि नुसती धमकी हासुद्धा गुन्हा आहे बरं का, कलम 351, जुनं 506. जीवे मारायची किंवा हातपाय मोडायची असेल तर 7 वर्षांपर्यंत. काकांच्या अर्जात मी ते वाक्य मालवणीतच जसंच्या तसं लिहिलं, तारीख वेळ साक्षीदारासकट.