स्थिर सरकार की जबाबदार सरकार? बाबासाहेबांनी १९४८ लाच सांगून ठेवलंय

आमच्या घरच्या ग्रुपवर राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी लिहितंच, ही संसदीय पद्धतच बाद आहे, अमेरिकेसारखा एक अध्यक्ष निवडा आणि पाच वर्षं त्याला काम करू द्या. लोकांची चीड मला समजते. २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेत आपण काय काय बघितलं, पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडी, मग सुरत-गुवाहाटी, मग राष्ट्रवादीतली फूट, म्हणजे एका मुदतीत चारही मोठे पक्ष सत्तेत बसून आले आणि मतदाराला मधे कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ३० जून २०२२ पासून ९ ऑगस्टपर्यंत तर अख्ख्या महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं, आणि राज्यघटना म्हणते राज्यात किमान १२ मंत्री पाहिजेत. ऐन पावसाळ्यात, अतिवृष्टीच्या दिवसांत. राग येणारच.

पण मला मनापासून वाटतं की आपण राग भलत्याच गोष्टीवर काढतोय.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला तेव्हाचं भाषण मिळालं तर नक्की वाचा. त्यात ते सरळ सांगतात की सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त देते आणि मसुद्याने विचार करून जबाबदारी निवडली आहे. पुढचा मुद्दा तर मला फारच महत्त्वाचा वाटतो. अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा हिशोब ठरावीक मुदतीने होतो, संसदीय पद्धतीत तो मुदतीने पण होतो आणि रोज पण होतो, प्रश्न विचारून, ठराव आणून, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव मांडून. म्हणजे सरकार पडू शकतं ही या पद्धतीतली चूक नाहीये, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे.

ही सोय किती मोलाची आहे ते २०२२ सालीच दोन देशांत दिसलं. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, त्यांच्या मिनी बजेटने बाजार हादरला, पाऊंड पडला, आणि त्यांच्याच खासदारांचा पाठिंबा गेल्यावर दोन महिन्यांच्या आत त्यांना जावं लागलं. ना निवडणूक ना रस्त्यावर दंगा. त्याच वर्षी श्रीलंकेत पेट्रोल नाही, औषधं नाहीत, लोक महिनोन्महिने रस्त्यावर, पण अध्यक्ष थेट निवडून आलेले, त्यांना काढायची घटनेतली वाट इतकी लांबची की शेवटी ९ जुलैला लोक राष्ट्रपती भवनात घुसले तेव्हा कुठे गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले आणि राजीनामा दिला. पाच वर्षं भानगड नको म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा खरंच विचार करावा.

अस्थिरतेची किंमत नसते असं मी म्हणत नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते, आकडे लागले तेव्हा कुणाला बोलायला सुचेना. एका पक्षाने पाठिंबा काढला म्हणून सगळं कोसळलं, मग मे ते जुलै कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं, आणि देशाने १९९६, १९९८, १९९९ अशा तीन लोकसभा निवडणुका चार वर्षांत बघितल्या. छोट्या पक्षांच्या हातात नको इतकी ताकद जाते हा दोष खराच आहे. पण तेव्हा पंतप्रधानांनी सभागृहात बहुमत मागितलं, मिळालं नाही, आणि ते त्याच दिवशी राजीनामा द्यायला गेले, हेही आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

मी नागपूरचा, त्यामुळे डिसेंबर म्हणजे अधिवेशन हे लहानपणापासूनच डोक्यात बसलेलं. कॉलेजात असताना ओळखीतून गॅलरीचा पास मिळाला आणि पहिल्यांदा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते प्रश्न, ऐकले. विषय कापूस खरेदीचा होता, एका आमदाराने मंत्र्यांना उपप्रश्नांवर उपप्रश्न विचारून असं धरलं की शेवटी विधानसभा अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला आणि मंत्र्यांना पूर्ण माहिती घेऊन या म्हणून सांगितलं. सचिवालयातले अधिकारी मागच्या गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवतायत, मंत्री वाचतायत, घाम पुसतायत. अमेरिकेच्या अध्यक्षाला असं संसदेत उभं राहून सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत, तशी तिथे पद्धतच नाही. आपल्याकडे आहे. आणि आपण तीच हळूहळू मारतोय.

बघा ना, २०१८ ला केंद्राचा अर्थसंकल्प गोंधळात चर्चेशिवाय लोकसभेत मंजूर झाला, २०२३ ला परत तेच. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच दिवसांत नवीन फौजदारी कायदे पास झाले, जे आज प्रत्येक पोलीस ठाण्यात लागू आहेत. सतराव्या लोकसभेला पाचही वर्षं उपाध्यक्ष नव्हता. आणि हे एकाच पक्षाचं आहे असं नाही, आपल्याकडे महाविकास आघाडीच्या काळात फेब्रुवारी २०२१ पासून विधानसभेला अध्यक्षच नव्हता, सरकार जाईपर्यंत नव्हता. संसदीय पद्धतीचा खरा कमकुवतपणा मला इथे दिसतो, सरकार सभागृहातूनच तयार होतं, त्यामुळे बहुमत भक्कम असलं की ज्याने जाब विचारायचा ते सभागृह सरकारच्याच खिशात जातं.

त्यात भर घातली पक्षांतर बंदीने. १९६७ ला हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने एवढ्या कोलांट्या मारल्या की आयाराम गयाराम हा शब्दच पडला, मग यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि शेवटी १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकी घालवणारा कायदा, आलं. हेतू चांगलाच होता. पण मधू लिमयेंनी तेव्हाच टीका केली होती की याने किरकोळ पक्षांतर बंद होईल आणि घाऊक पक्षांतर कायदेशीर होईल. झालं तसंच. आधी पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती सूट काढली, पण दोन तृतीयांशनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट तशीच राहिली. गोव्याला विचारा. ४० आमदारांची विधानसभा, जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी भाजपात प्रवेश केला, सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ गेले. दोन्ही वेळा दोन तृतीयांश बरोबर भरले.

म्हणजे जो पक्ष बदलतो तो संख्या जमवून सुटतो, आणि जो आपल्याच पक्षात राहून एखाद्या बिलाला प्रामाणिकपणे विरोध करेल त्याची आमदारकी जाऊ शकते कारण व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यातून निवडून आलेला माणूस शेतीच्या कायद्यावर स्वतःच्या मनाने मत देऊ शकत नसेल तर तो तिथे आमचा प्रतिनिधी म्हणून बसलाय की पक्षाचा? ज्या ब्रिटनची पद्धत आपण घेतली तिथे जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट करारावर त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. एकाचीही खासदारकी गेली नाही.

आणि अपात्रतेचा निकाल कुणी द्यायचा, तर सभागृहाच्या अध्यक्षांनी, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. शिवसेनेच्या प्रकरणात ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक म्हटलं, शिंदे गटाच्या प्रतोदाची (व्हिप काढणाऱ्याची) नेमणूक बेकायदेशीर ठरवली, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलेला असल्याने त्यांना परत बसवता येत नाही असं सांगितलं. अपात्रतेचा निर्णय परत अध्यक्षांकडे, आणि तो आला १० जानेवारी २०२४ ला, कुणीच अपात्र नाही. कुणाची बाजू बरोबर यावर आपली मतं वेगळी असतील, पण दीड वर्ष लागलं हे तर कुणाला नाकारता येणार नाही ना? मुदत संपत आल्यावर निकाल मिळून मतदाराचा काय फायदा.

यावर उपाय कुणी सांगितले नाहीत असं नाही. १९९० ला दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रतेची शिक्षा विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतीच ठेवा, आणि निर्णय अध्यक्षांकडून काढून निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांकडे द्या. २०२० ला मणिपूरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतंत्र न्यायाधिकरण सुचवलं. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या केसमध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना कोर्टाने परत संसदेला सांगितलं की अध्यक्षांकडे हे काम ठेवायचं का याचा विचार करा.

माझं मत विचाराल तर व्हिप फक्त दोन ठिकाणी असावा, सरकारच्या विश्वासाचा प्रश्न असेल तेव्हा आणि अर्थसंकल्पाच्या वेळी, बाकी प्रत्येक बिलावर आमदार-खासदार मोकळे. काहीजण म्हणतील की मग मतं विकली जातील. ती भीती रास्तच आहे, पण आत्ताच्या कडक कायद्यात रिसॉर्टच्या खोल्या रिकाम्या राहिल्यात का? उलट प्रत्येक बिलासाठी मुख्यमंत्र्यांना आपल्याच बाकावरच्या माणसांना पटवावं लागलं, तर त्या मागच्या बाकावरच्या आमदाराला बिल आधी वाचावं तरी लागेल आणि मतदारसंघात येऊन आपण हो का म्हटलं किंवा नाही का म्हटलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, आज तो पक्षाचा आदेश होता म्हणून मोकळा होतो.