गाव नसलेला क्लब: बँकॉकच्या उत्तर टोकाला, हवाई दलाच्या फुटबॉलमागे

पट्टाया, कोरल आयलंड आणि सफारी वर्ल्डवर लिहिणारे भरपूर आहेत, त्यामुळे ते दिवस मी गाळतोय. ही पोस्ट आहे बँकॉकच्या उत्तर वेशीलगतच्या थूपातेमी स्टेडियमबद्दल आणि तिथे खेळणाऱ्या थाई हवाई दलाच्या क्लबबद्दल. क्लब बंद झाला २०१९ मध्ये. स्टेडियमच्या भागात बीटीएसची, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या मेट्रोची गाडी पोचली डिसेंबर २०२० मध्ये. या एका गोष्टीचा मला जो वैताग आला, त्यातूनच ही पोस्ट लिहितोय.

जायचं कसं, ते आधी. बीटीएसच्या सुखुमवित लाइनची खू खोतला जाणारी गाडी पकडा. सगळ्या गाड्या शेवटपर्यंत जात नाहीत, काही वाटेतूनच परत फिरतात, म्हणून डब्यावरची पाटी वाचून चढा. वाटेत अकरावी पायदळ रेजिमेंट, मग भूमिबोल अदुल्यादेज हॉस्पिटल, मग रॉयल थाई एअर फोर्स म्युझियम अशी स्टेशनं लागतात. हॉस्पिटलही हवाई दलाचंच. नुसती नावं वाचत गेलं तरी आपण कोणाच्या हद्दीत शिरतोय ते कळतं. स्टेडियम शेवटच्या दोन स्टेशनांच्या टापूत आहे, राष्ट्रीय स्मारकाच्या समोरच्या अंगाला. नकाशात जवळ दिसतं म्हणून चालायला लागू नका. मधे सहा-आठ पदरी रस्ते आहेत, ते पादचारी पुलावरूनच ओलांडावे लागतात आणि दुपारचं ऊन डोक्यावर असतं. स्टेशनाखाली नारिंगी जाकीटवाले मोटारसायकल टॅक्सीवाले उभे असतात. त्यांना जागेचं नाव थाई अक्षरांत फोनवर दाखवा. आपला उच्चार त्यांना कळत नाही आणि त्यांचा आपल्याला, उगाच हुज्जत घालण्यात अर्थ नाही. लष्करी फाटकांसमोर कॅमेरा काढू नका, पहारेकरी हसत हसत पण ठामपणे तो खाली करायला लावतात.

आता क्लबबद्दल. थायलंडमध्ये फुटबॉल रुजवला राजा वजिरावुधने. सयामची (थायलंडचं जुनं नाव) फुटबॉल संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली आणि त्या सुमाराच्या सुरुवातीच्या स्पर्धांपासूनच लष्करी आणि सरकारी संघ मैदानात होते. भूदलाचा संघ आपला जन्म १९१६ चाच सांगायचा. हवाई दलाचा क्लब १९३७ चा, नौदलाचा १९५६ चा. पुढे बँका आल्या, बंदर प्राधिकरण आलं, टेलिफोन खातं आलं, वीज खातं आलं. म्हणजे सामना कोणाचा, तर एका खात्याचा दुसऱ्या खात्याशी. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. हार्वूड लीगमध्ये टाटा, मफतलाल, रेल्वे खेळायचे तो हाच मामला.

हवाई दलाचा दबदबा १९५०-६० च्या दशकांतला. तेव्हाची सर्वोच्च स्पर्धा होती राजाच्या नावाची 'कोर' चषक स्पर्धा, आणि ती हवाई दलाने इतक्या वेळा लागोपाठ जिंकली की बाकीच्यांना कंटाळा आला असेल. खेळाडूला दलात नोकरी, हुद्दा, पगार आणि पुढे पेन्शन. बाहेर व्यावसायिक फुटबॉल नव्हतंच, तर चांगला मुलगा दुसरीकडे कशाला जाईल? भरतीची ही पद्धत पुढची काही दशकं पुरली.

पियापोंग पिउ-ऑन हा याच क्लबातून आलेला. थायलंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही टॅक्सीवाल्यासमोर हे नाव घ्या, गाडी चालवता चालवता तो मागे वळून बोलायला लागतो, मग तुम्हीच म्हणता की बाबा पुढे बघ. हा स्ट्रायकर दक्षिण कोरियाच्या लकी-गोल्डस्टारमध्ये गेला. तोच क्लब आज एफसी सोल म्हणून ओळखला जातो. १९८५ च्या मोसमात त्याने १२ गोल केले आणि ६ गोलांना पास दिले. दोन्ही याद्यांत तोच पहिला आणि लीगही त्याच्याच क्लबने जिंकली. कोरियन लीगमध्ये एका थाई खेळाडूने हे करावं, तेही १९८५ मध्ये! पुढे तो मलेशियात पहांगकडून खेळला, मग परत हवाई दलात.

देशाची खरी लीग १९९६ मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद बँकॉक बँकेचं, १९९७ चं हवाई दलाचं, १९९९ चं पुन्हा हवाई दलाचं. १९९७ म्हणजे थाई चलन बाथ कोसळला ते वर्ष. थाई फार्मर्स बँकेचा संघ दोनदा आशियाई क्लब विजेता झाला होता, तोही २००० मध्ये गुंडाळला गेला. लष्कराच्या क्लबांना तेव्हा धक्का बसला नाही, कारण त्यांचा पैसा बाजारातून येत नव्हता. हाच फायदा पुढे अंगाशी आला, असं माझं मत आहे.

झालं असं की वरच्या लीगमधले संघ जवळजवळ सगळे बँकॉकचे. प्रांतांसाठी १९९९ पासून वेगळी 'प्रो लीग' होती, ती २००७ मध्ये मुख्य लीगमध्ये मिसळली. मग आशियाई महासंघाचे परवान्याचे नियम आले: क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी, खातं किंवा पलटण चालणार नाही. क्रुंग थाई बँकेचा संघ २००९ मध्ये बँकॉक ग्लास झाला. वीज खात्याचा संघ २००८ मध्ये विजेता ठरला आणि पुढच्या वर्षाअखेर राजकारणी नेविन चिदचोबने तो उचलून आपल्या बुरीराम प्रांतात नेला. बुरीराममध्ये रस्त्यावरच्या भाजीवालीच्या अंगावर क्लबचा निळा शर्ट दिसतो. हवाई दलाचा शर्ट कोणी घालायचा? दलातल्या माणसाने, त्याच्या पोरांनी आणि झालंच तर शेजाऱ्याने. क्लबला गाव नव्हतं.

दुसरी अडचण स्टेडियमचीच. थूपातेमीत पंचवीस हजार माणसं बसतात, पण मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. याचा हिशोब करून बघा. आठ लेनच्या प्रमाणित ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर, म्हणजे बाजूला जवळजवळ दहा मीटर गेले. गोलमागे त्याहून वाईट. ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेची लांबी साधारण १५७ मीटर, मैदान १०५ चं. म्हणजे गोलरेषेपासून ट्रॅकच्या आतल्या कडेपर्यंतच २६ मीटर, त्यात लेन मिळवल्या की ३६. पहिली खुर्ची त्याच्याही मागे. तिथून गोलकीपर कोण आहे हेच ओळखू येत नाही, ऑफसाइडचं तर विसराच. अशा कुठल्याही मैदानावर सामना बघायचा असेल तर मध्यरेषेच्या आसपास आणि निदान दहा-बारा ओळी वर बसा. गोलमागचं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. दोन हजार माणसं आली तर छोट्या, ट्रॅक नसलेल्या मैदानात आवाज घुमतो. पंचवीस हजारांच्या वाडग्यात तीच माणसं विखुरली की ढोलकीसुद्धा एकटी पडते. विभावदी रस्त्यावरच्या भूदलाच्या वीस हजारी स्टेडियमचीही हीच रड, तिथेही ट्रॅक.

आणि तिथे पोचणं. बीटीएस इथवर येत नव्हती तेव्हा मो चित स्टेशनापर्यंत गाडीने यायचं आणि पुढे फाहोन्योथिन रस्त्याने बस किंवा व्हॅन. सामना संध्याकाळी सहा-सातचा, म्हणजे नेमकी ऑफिस सुटायची वेळ. या रस्त्यावरचा संध्याकाळचा जॅम ज्याने बघितलाय तो आठवडी सामन्याला कधीच जाणार नाही. डोक्यावरून गाडी धावू लागली तेव्हा खाली क्लब उरला नव्हता.

शेवटची वर्षं भराभर गेली. भागीदार कंपनीमुळे नाव झालं एअर फोर्स सेंट्रल, २०१७ मध्ये दुसऱ्या लीगमधून बढती मिळाली. २०१८ मध्ये लीग अठरावरून सोळा संघांवर आणायची होती म्हणून पाच संघ खाली ढकलले गेले, त्यांत हवाई दल आणि नौदल दोघंही. २०१९ चा मोसम संपल्यावर भूदलाने आपला क्लब बंद केला. हवाई दलाने दुसऱ्या लीगमधली जागा सोडली आणि ती उथाई थानी प्रांताच्या क्लबकडे गेली.

भूदलाचं दुखणं तर आधीपासूनचं. २०१६ मध्ये राजा भूमिबोल यांचं १३ ऑक्टोबरला निधन झालं, लीग तीन फेऱ्या बाकी असतानाच थांबवली गेली आणि होती ती गुणतालिका कायम धरली. आर्मी युनायटेड तळाच्या तिघांत होता, तो तसाच खाली गेला. उरलेल्या तीन सामन्यांत सुटका झाली असती की नाही, यावर जुने समर्थक अजून भांडतात. सुखोथाईच्या क्लबला मात्र त्याच वर्षी चिठ्ठी टाकून आशियाई स्पर्धेची जागा मिळाली. नशीब असावं तर असं.

थूपातेमीची वारी करणार असाल तर त्याच दिवशी हवाई दलाचं म्युझियम जोडा, तिकीट नाही. तिथलं कर्टिस हॉक-३ हे विमान जगात फक्त तिथेच उरलंय. सकाळी जा, दुपारी हँगरमध्ये उकडतं. डॉन मुआंगला विमानाने उतरताना खिडकीची जागा मिळाली तर दोन धावपट्ट्यांच्या मधोमध हवाई दलाचं गोल्फ कोर्सही दिसेल. ज्यांना गोल्फसाठी धावपट्टीच्या मधली जागा मिळते त्यांना फुटबॉल क्लब जड व्हावा, हे मला आजही पटत नाही.

हवाई दलाची लीगमधली जागा जिथल्या क्लबकडे गेली त्या उथाई थानीला जायचं तर मो चितच्या बस स्थानकावरून व्हॅन किंवा बस धरा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि रेल्वे गावापर्यंत जात नाही. व्हॅनमध्ये मागची सीट घेऊ नका, पाय मुडपून बसावं लागतं आणि मोठी बॅग असेल तर तिचंही भाडं मागतात. नदीवर तरंगत्या घरांची वस्ती आहे, जंगल आहे. क्लबने २०२०-२१ चा दुसऱ्या लीगमधला मोसम गमावला, तिसरीत घसरला आणि तिथून दोन वर्षांत चढत थेट २०२३ मध्ये पहिल्या लीगमध्ये पोचला. आपल्या प्रांताच्या नावाने.