तुसाँवरची कादंबरी: १८०१ पर्यंत आलो

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय. दुसरा भाग संपला, म्हणजे १७९८ ला इंग्रज फौज सँ-दोमँग सोडून जाते तिथपर्यंतचा कच्चा खर्डा हातात आहे, आणि आता १८०१ सुरू केलंय, ज्या एका वर्षासाठी खरं तर मी ही कादंबरी लिहायला घेतली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. सँ-दोमँग म्हणजे आजचं हैती, तेव्हाची फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत, जवळपास ५ लाख गुलाम आणि गोरे ३०-४० हजार. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानातले गुलाम उठले, काही आठवड्यांत शेकडो मळे जळाले, आणि एक तप लढून १ जानेवारी १८०४ ला त्यांनी स्वतःचा देश जाहीर केला. गुलामांनी बंड करून देश उभा केला असं दुसरं उदाहरण जगाच्या इतिहासात नाही. त्यांचा सर्वात मोठा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर, ब्रेदाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला, मालकाच्या कारभाऱ्याची घोडागाडी हाकणारा, झाडपाल्याची औषधं जाणणारा माणूस.

यावेळी सगळ्यात जास्त वेळ गेला तो साखरेच्या कारखान्याच्या प्रकरणावर, आणि मला वाटतं आत्तापर्यंतचं तेच सगळ्यात चांगलं उतरलंय. आपल्यातल्या ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना बरंच कळेल, चरक, रस, ओळीने मांडलेल्या कढया, रस एकातून दुसऱ्यात पुढे न्यायचा, मळी काढत राहायची, चुलवाणात चिपाड सारायचं. पण तिथे हे रात्रंदिवस चालायचं, कारण तोडलेला ऊस थांबत नाही, आणि दिवसभर शेतात राबलेलीच माणसं रात्रपाळीला चरकावर. डुलकी लागली की हात उसाबरोबर उभ्या रुळांत जायचा. म्हणून चरकाशेजारी एक धारदार कोयता टांगलेला असे, हात सापडलाच तर खांद्यापाशी तोडून उरलेलं माणूस वाचवायचं. बस, हा कोयता मी एकदाच दाखवलाय, भिंतीला टांगलेला, तो वापरताना दाखवला नाही. चरकात ऊस लावणारी माझी बाई (काल्पनिक पात्र, तिच्याच नजरेतून पहिला भाग आहे) रोज कामाला लागायच्या आधी त्याच्याकडे बघते, एवढंच. त्यामुळे २२ ऑगस्टच्या रात्री ती आधी उसाला नाही, चरकाला आग लावते तेव्हा का लावते हे समजावून सांगावं लागत नाही.

बंडाच्या सुरुवातीला तुसाँ कुठेच पुढे नाही, हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं. पुढे होता बूकमन, जो नोव्हेंबरमध्येच मारला गेला आणि त्याचं मुंडकं ल-काप शहरात लोकांना दाखवायला ठेवलं. मग ज्याँ-फ्राँस्वा आणि बियासू. तुसाँ बियासूच्या छावणीत वैद्य आणि लिहिणारा-वाचणारा म्हणून आला, आणि त्याआधी जुन्या कारभाऱ्याच्या बायकोला सुखरूप पोचवून आला. तो तेव्हा गुलामही नव्हता, १७७६ च्या आधीच मोकळा झालेला. एवढंच नाही तर १७७९ च्या सुमारास त्याने जावयाकडून कॉफीचा एक छोटा मळा खंडाने घेतला होता आणि त्या मळ्याबरोबर तिथले गुलामही. ही गोष्ट गाळा असं मला एकाने सुचवलं, नायक डागाळतो म्हणून. मी नाही गाळणार. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीला नायकाला चौथऱ्यावर बसवायची फार सवय आहे, आणि त्या चौथऱ्यावरून १८०१ दिसतच नाही.

तर १८०१. इंग्रज गेलेत, बेटाचा स्पॅनिश भागही ताब्यात आलाय, नवीन राज्यघटनेत तुसाँ तहहयात गव्हर्नर. गुलामगिरी कायमची बंद असं त्याच घटनेत लिहिलंय. आणि त्याच माणसाचा हुकूम की मळ्यावरच्या लोकांनी आपापल्या मळ्यावर परत जायचं, परवानगीशिवाय सोडायचं नाही, देखरेखीला सैनिक. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळेल, पण जमिनीचा लहान तुकडा विकत घ्यायला मात्र बंदी. लोकांना हवं काय होतं तर स्वतःची भाजी, रताळी, चार कोंबड्या, स्वतःचं वावर. त्याला हवी होती साखर आणि कॉफी, कारण ती विकून अमेरिकन जहाजांकडून बंदुका आणि दारूगोळा येत होता, आणि फ्रान्स उद्या गुलामगिरी घेऊन परत येईल ही त्याची भीती खोटी नव्हती. दोन्ही बाजू बरोबर आहेत. माझ्या चरकावरच्या बाईला आता एक काळा अधिकारी येऊन सांगतो की चरक दुरुस्त झालाय, ये. हा सीन लिहून झाला तेव्हा मला कळलं की कादंबरी उभी राहणार.

ऑक्टोबरमध्ये उत्तरेत याच धोरणाविरुद्ध उठाव झाला. ठपका आला मोईझवर, उत्तरेचा सेनापती, तुसाँ ज्याला पुतण्या मानायचा. नोव्हेंबरमध्ये तुसाँने त्याला गोळ्या घालायला लावल्या. काका-पुतण्या म्हटलं की मराठी वाचकाला शनिवारवाडाच आठवणार, म्हणून इथे मी संवाद जवळजवळ काढूनच टाकलेत, आक्रोश नाही, भेट नाही. तुसाँ डोक्याला नेहमीचा मद्रासी रुमाल बांधून कागदावर सही करतो आणि लगेच पुढचा कागद मागतो, कारण पुढचा कागदही कामाच्या सक्तीबद्दलच आहे.

आणि दोनच महिन्यांनी, १८०२ च्या सुरुवातीला, नेपोलियनने पाठवलेला फ्रेंच सेनापती लक्लेर, त्याचं आरमार किनाऱ्याला. तुसाँच्या सेनापतींपैकी क्रिस्तोफ ल-काप स्वतःच पेटवून देतो, देसालिन लढतो, पण मळ्यांवरून जी माणसं १७९१ ला धावत आली होती ती यावेळी तशी तुसाँसाठी धावली नाहीत, आणि माझ्या मते त्याचं कारण मोईझ आणि तो चौथा हिस्साच. जूनमध्ये तुसाँला बोलणीच्या नावाखाली बोलावून पकडलं. पुढचं फ्रान्समधल्या फोर द जू किल्ल्यातल्या तुरुंगाच्या थंडीत, ७ एप्रिल १८०३ ला मरेपर्यंत. तिसरा भाग मात्र मी तुरुंगात जास्त रेंगाळू देणार नाहीये, लढाई सँ-दोमँगमध्ये चालू आहे आणि माझी बाई तिकडे आहे.

आता अडलोय ते एन्नेरीच्या, म्हणजे तुसाँच्या घरच्या, प्रसंगापाशी. तुसाँची दोन मुलं, प्लासिद आणि इझाक, फ्रान्समध्ये शिकत होती, नेपोलियनने त्यांना याच आरमाराबरोबर बापाकडे पाठवलं, बापाला वळवायला. तुसाँ म्हणाला तुमचं तुम्ही ठरवा. इझाक फ्रान्सकडे, आणि प्लासिद, जो बायकोचा आधीचा मुलगा, तो तुसाँबरोबर राहिला. मी हा प्रसंग आईच्या, सुझानच्या बाजूने लिहायचा विचार करतोय, पण आत्तापर्यंत ती फारशी आलेलीच नाही, म्हणजे मागे जाऊन तिला ब्रेदाच्या दिवसांपासून आणावं लागेल. कुणी आपल्या कादंबरीत असं पात्र उशिरा मागून घुसवलं असेल तर कसं केलंत ते जरूर सांगा, मी पुढच्या आठवड्यात पहिला भाग परत उघडतोय.